चर्चा सर्वांची, मांडणी एकेकाची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातील एखाद्या वादग्रस्त प्रकल्पाविषयी नागरिकांच्या गटचर्चा घ्यायच्या, त्यांचे इतिवृत्त लिहायचे आणि त्यातून 'लोकांचे म्हणणे' काढून ते अहवालात घालायचे, हा प्रघात पुण्यात आता चांगलाच रुजला आहे. स्वयंसेवी संस्था हे करतात, नियोजनाचे सल्लागार करतात. समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि व्यवस्थापन या विषयांचे विद्यार्थी तर प्रबंधासाठी हमखास करतात. त्यांपैकी काहींनी आता क्यू पद्धतीचा, म्हणजे एखाद्या विषयावरच्या विधानांची कार्डे माणसाकडून त्याच्या दृष्टीने क्रमाने लावून घेण्याच्या (हीच 'मांडणी') आणि त्यावरून लोकांच्या दृष्टी ओळखण्याच्या पद्धतीचा, आधार घ्यायला सुरुवात केली आहे, ही समाधानाची बाब आहे. मात्र या पद्धतीत गटचर्चेला कोठे जागा द्यायची आणि कोठे नाही, याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काही मार्गदर्शक गटचर्चेचे नाव काढू देत नाहीत, तर काही संशोधक सगळा अभ्यासच एका टेबलाभोवती, एका बैठकीत उरकतात. संख्याशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक म्हणून मला दोन्ही टोके चुकीची वाटतात. चर्चा अभ्यासाच्या आरंभी व्हावी, शेवटी व्हावी, हवी तर मध्येही व्हावी. परंतु विधानांची मांडणी मात्र प्रत्येकाने एकट्याने, दुसऱ्याच्या नजरेआड केली पाहिजे. ते का, हे जरा सविस्तर लिहितो.

ही पद्धती जगापुढे आली तीच मुळी संपादकांना लिहिलेल्या एका छोट्या पत्रातून. विल्यम स्टीफन्सन हे मूळचे पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी. पुढे लंडनला जाऊन ते चार्ल्स स्पीअरमन यांच्याबरोबर मानसशास्त्रात काम करू लागले. त्यांचे पत्र 'नेचर' साप्ताहिकात ऑगस्ट १९३५ मध्ये छापून आले. तोवर घटक विश्लेषणात, म्हणजे पुष्कळ मोजमापांमागचे मोजके समान घटक शोधण्याच्या संख्याशास्त्रीय रीतीत, अनेक माणसांना अनेक चाचण्या द्यायच्या आणि चाचण्या-चाचण्यांमधला सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींशी किती जुळतात त्याचे माप) काढायचा, अशी रीत होती. स्टीफन्सन यांनी माणसामाणसांमधला सहसंबंध काढायला सुचवले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांच्या मते हे केवळ तेच कोष्टक आडवे करून पाहणे होते. स्टीफन्सन यांना ते मुळीच मान्य नव्हते, कारण त्यांच्या दृष्टीने मोजली जाणारी वस्तूच बदलली होती. माणसाचा गुणधर्म बाहेरून मोजण्याऐवजी माणूस स्वतः समोरच्या विधानांना आपल्या दृष्टीने काय महत्त्व देतो, ते येथे मोजले जात होते. १९३९ मध्ये या दोघांनी आपला मतभेद 'सायकोमेट्रिका' या नियतकालिकात एकाच निबंधात, दोघांच्या नावाने मांडला. मतभेद असा शेजारी शेजारी बसून छापण्याची प्रथा आपल्याकडे का रुजली नाही, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

ज्या वाचकांनी ही पद्धती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी पुण्यातलेच उदाहरण घेतो. वेताळ टेकडीवरून जाणारा बालभारती–पौड फाटा हा प्रस्तावित रस्ता हवा की नको, यावर शहरात वर्षानुवर्षे वाद चालू आहे. नेहमीचे सर्वेक्षण प्रश्नावली घेऊन जाईल आणि किती टक्के लोकांना रस्ता हवा, ते सांगेल. क्यू पद्धती हा प्रश्न विचारतच नाही. या वादात लोक जे जे बोलतात ते सगळे ती आधी गोळा करते, त्यातून समजा ३६ विधाने निवडते, एकेक विधान एकेका कार्डावर लिहिते आणि तो गठ्ठा एका माणसाच्या हाती देते. त्या माणसाने ती कार्डे उणे चार (सर्वांत कमी पटणारे) पासून अधिक चार (सर्वांत जास्त पटणारे) पर्यंतच्या नऊ रकान्यांत लावायची असतात. रकान्यांतल्या जागा ठरलेल्या असतात: दोन्ही टोकांना दोन-दोन, मग तीन-तीन, चार-चार, पाच-पाच आणि मधल्या शून्याखाली आठ. टोकाला दोनच जागा असल्यामुळे सगळेच 'अत्यंत महत्त्वाचे' म्हणून सुटका होत नाही. एका कार्डाला वर जागा द्यायची तर दुसऱ्याला खाली सरकवावे लागते. ३६ विधानांच्या ६३० जोड्या होतात, आणि मांडणी पूर्ण होईपर्यंत माणसाने नकळत त्या जोड्यांचीच तुलना केलेली असते. अशा तीस-चाळीस व्यक्तींच्या मांडण्या मिळाल्या, की त्यांचे सहसंबंध काढून, घटक विश्लेषण करून, या वादात मुळात किती निरनिराळ्या दृष्टी आहेत ते दिसते; अशा एकेका दृष्टीला 'घटक' म्हणतात. त्या बहुधा 'बाजूने' आणि 'विरोधात' अशा दोन नसतात.

आता गटचर्चेकडे येतो. विधाने गोळा करण्याच्या टप्प्यावर गटचर्चा टाळणे म्हणजे हाती असलेले उत्तम साधन फेकून देणे होय. एकट्याची मुलाखत घेतली की माणूस सभ्य होतो, मुद्देसूद बोलतो, वर्तमानपत्रात वाचलेले सांगतो. चार माणसे समोरासमोर आली की एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याचा टोला येतो, आणि त्या टोल्यात खरे मत असते. 'रस्ता झाला तरी दोन वर्षांत तोही भरणार आहे', 'टेकडीची हवा सगळ्यांना हवी आणि धूर मात्र आम्ही लॉ कॉलेज रस्त्यावर खायचा', 'टेकडीवर फिरायला येणारे निम्मे लोक गाडी घेऊनच येतात', 'आधी आहेत त्या रस्त्यांवर बस नीट चालवा, मग बोगद्याचे बोला', अशा धर्तीची वाक्ये कोणत्याही प्रश्नावलीच्या उत्तरात येत नाहीत. ती कोणाला तरी दिलेली उत्तरे असतात. त्यांतला खोचकपणा तसाच कार्डावर उतरला पाहिजे. आपल्याकडे नेमके उलटे होते. संशोधक घरी येऊन ही वाक्ये 'शुद्ध' करतो आणि कार्डावर 'वाहतूक कोंडी ही शहरापुढील गंभीर समस्या आहे' असे लिहितो. असे विधान सगळेच जण एकाच रकान्यात ठेवतात. ज्या विधानावर कोणाचे भांडण होऊ शकत नाही, ते माणसामाणसांतला फरक दाखवू शकत नाही आणि विश्लेषणात त्याचा उपयोग शून्य. जोडविधानांचेही तसेच आहे. 'टेकडी वाचवावी आणि सार्वजनिक वाहतूक सुधारावी' हे कार्ड ज्याला पहिले अर्धे पटते आणि दुसरे पटत नाही त्याने कोठे ठेवायचे?

गट कोणाकोणाचे घ्यायचे, हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. संशोधकाला सोयीचे पडते म्हणून बहुतेक चर्चा एखाद्या गृहसंकुलाच्या सभागृहात किंवा महाविद्यालयाच्या वर्गात होतात, आणि तेथे कितीही गट बसवले तरी बोलणे त्याच चौकटीत फिरत राहते. टेकडीच्या प्रश्नावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा गट हवा, तसाच पौड फाट्यावरील रिक्षाचालकांचाही हवा. पानशेतच्या पुरानंतर वसलेल्या गोखलेनगर-जनवाडीतील रहिवाशांना टेकडी घराच्या मागच्या दारी आहे, तर कोथरूडमधून विद्यापीठाकडे रोज दुचाकीवरून जाणाऱ्या विद्यार्थ्याला ती केवळ वळसा आहे. यांना एकाच खोलीत बसवण्याची गरज नाही. उलट आरंभी वेगवेगळे बसवलेलेच बरे, कारण आपल्यासारख्यांत माणूस मोकळा बोलतो. नवा गट जुनीच वाक्ये बोलू लागला की गोळा करणे थांबवावे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांच्या नावाशी 'फोकस ग्रुप', म्हणजे ठरावीक विषयावरची गटचर्चा, ही कल्पना जोडली जाते. त्यांनी आणि पॅट्रिशिया केंडल यांनी अशा मुलाखतींवरचा आपला निबंध १९४६ मध्ये लिहिला. पुढे १९८७ मध्ये मागे वळून पाहताना मर्टन यांनीच बजावले, की अशा बैठकीतून कल्पना आणि गृहीतके मिळतात, त्यांनाच सिद्ध झालेला निष्कर्ष समजू नये. क्यू पद्धतीच्या पहिल्या टप्प्याला कल्पनाच हव्या असतात. म्हणून तेथे गटचर्चा चपखल बसते.

मांडणीची गोष्ट अगदी निराळी आहे. आठ जणांना टेबलाभोवती बसवून, वेळ वाचावा म्हणून, सगळ्यांनी मिळून एकच मांडणी करायची, असे प्रकार होतात. गणिताच्या बाजूने पाहिले तर याचा परिणाम सरळ आहे. आठ जणांच्या आठ मांडण्या असत्या तर त्यांच्या २८ जोड्या झाल्या असत्या आणि प्रत्येक जोडीचा सहसंबंध काढता आला असता. वर सांगितलेल्या ३६ जागांच्या रचनेत तो काढणे हाताने जमण्याइतके सोपे आहे: प्रत्येक विधानाच्या दोघांकडील जागांतला फरक घ्यावा, त्याचा वर्ग करावा, सगळ्या वर्गांची बेरीज ३२० ने भागावी आणि आलेली संख्या एकातून वजा करावी. बेरीज ८० आली तर सहसंबंध ०.७५, म्हणजे दोघे बरेच एका दृष्टीने पाहतात. ३२० आली तर शून्य, म्हणजे एकाच्या मांडणीवरून दुसऱ्याच्या मांडणीचा काहीच अंदाज बांधता येत नाही. त्याहून वाढली की दोघांची दिशाच उलट. टेबलावरच्या एका सामुदायिक मांडणीत यातले काहीच उरत नाही. आठ माणसे विश्लेषणाला एक माणूस म्हणून दिसतात, आणि ज्या फरकांसाठी हा खटाटोप केला ते फरक टेबलावरच मिटवले जातात.

प्रत्येकाला वेगळी कार्डे दिली, पण सगळ्यांना एकाच टेबलावर बसवले, तरी दोष पुरता जात नाही. सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. तीन रेषांपैकी दिलेल्या रेषेइतकी लांब कोणती, एवढाच प्रश्न होता. पण खोलीतले बाकीचे सगळे संगनमताने चुकीचे उत्तर देत, तेव्हा निर्णायक फेऱ्यांतली सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्या चुकीच्या बहुमताकडे झुकली. उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहून द्यायला सांगितले, तेव्हा हे झुकणे बरेच कमी झाले. पुणेकर बहुमतापुढे मान तुकवतो यावर पुण्याबाहेर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपल्याकडचा प्रश्न बहुमताचा कमी आणि मानाचा जास्त आहे. सोसायटीचे अध्यक्ष असलेले काका बोलून गेल्यावर त्याच सोसायटीत घरकाम करणाऱ्या ताई त्यांच्यासमोर वेगळे कार्ड वर ठेवतील, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. सासूबाईंच्या शेजारी बसलेली सून, मार्गदर्शकासमोर बसलेला विद्यार्थी, मुकादमासमोर बसलेला झाडूवाला, यांची मांडणी कोणाची असेल ते सांगायला घटक विश्लेषण कशाला हवे? क्यू पद्धतीत तर याचे नुकसान सर्वेक्षणापेक्षा मोठे होते. सर्वेक्षणात एक उत्तर बिघडले तर टक्केवारी किंचित हलते. येथे तीस-चाळीसच माणसे असतात, आणि एखादी दुर्मीळ दृष्टी दोघा-तिघांच्याच मांडण्यांवर उभी असते. त्यांनी शेजाऱ्याकडे पाहून दोन-चार कार्डे सरकवली, की ती दृष्टी अभ्यासातून नाहीशी होते आणि ती होती हे कोणाला कळतही नाही.

एकट्याने मांडणी करायची म्हणजे फार मोठी व्यवस्था लागते असे नाही. एक मोकळे टेबल, रकान्यांचा कागद आणि पाऊण-एक तास पुरतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना विधाने वाचून दाखवावीत, हवी तर चित्रे वापरावीत. विधानांऐवजी छायाचित्रे घेऊनही क्यू अभ्यास झालेले आहेत. मांडणी संपताच, कार्डे उचलण्याआधी, टोकाच्या चार कार्डांविषयी 'हे येथे का?' असे शांतपणे विचारावे आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपावे. पुढे घटकाचा अर्थ लावताना आकडेवारीपेक्षा ही टिपणे अधिक उपयोगी पडतात.

चर्चेत भाग घेतलेल्या व्यक्तींनी मांडणी करूच नये, असा काही मार्गदर्शकांचा दंडक असतो. तो मला पटत नाही. टेकडी, नदीकाठ, मेट्रो यांवर हे शहर कट्ट्यावर आणि बसथांब्यावर रोज चर्चा करतेच. त्यापासून अस्पर्श राहिलेला सहभागी आणायचा कोठून? दोन्हींमध्ये थोडे दिवस जाऊ द्यावेत, एवढे पुरेसे आहे. उलट चर्चेने माणसाचे मत कसे हलते हेच पाहायचे असेल, तर तीच व्यक्ती चर्चेआधी आणि चर्चेनंतर दोनदा मांडणी करू शकते. याचे एक उदाहरण आपल्या टेकडीच्या वादाला फार जवळचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य भागात, क्वीन्सलंडमधील डेन्ट्री परिसरातल्या जागतिक वारसा म्हणून जपलेल्या वर्षावनातून जाणाऱ्या 'ब्लूमफील्ड ट्रॅक' या वादग्रस्त रस्त्याचे पुढे काय करावे, यावर २००० मध्ये बारा नागरिकांचे पंचमंडळ बसवण्यात आले होते. संशोधक सायमन नीमायर यांनी त्या बाराही जणांकडून विचारविनिमयाआधी आणि नंतर क्यू मांडण्या करून घेतल्या. आरंभी ज्या प्रतीकात्मक मुद्द्यांभोवती लोकांची मते बांधलेली होती, त्यांची पकड प्रत्यक्ष माहिती ऐकून आणि एकमेकांशी बोलून झाल्यावर सैल झाली, असे त्यांना आढळले. हे आढळले, कारण दोन्ही वेळा बारा जणांच्या बारा मांडण्या हाती होत्या. मंडळाचा एकमुखी निर्णय तेवढा नोंदवला असता, तर कोणाचे मत कोठून कोठे गेले हे कळण्याची सोय नव्हती.

सामुदायिक मांडणी सर्वथा त्याज्य आहे, असेही मी म्हणत नाही. गृहसंस्थेची कार्यकारिणी, रिक्षा संघटना, एखादे गणेश मंडळ यांची एक सामूहिक भूमिका असते आणि तीच जाणून घ्यायची असेल, तर 'संस्था म्हणून तुम्ही ही कार्डे कशी लावाल?' असे विचारणे रास्त आहे. मांडणीपूर्वीची सूचना बदलून एकाच माणसाला अनेकदा मांडणी करायला लावण्याची रीत स्टीफन्सन यांनीच घालून दिली. तेव्हा कार्यकारिणीच्या प्रत्येक सदस्याने आधी स्वतःची मांडणी करावी आणि मग सर्वांनी मिळून संस्थेची करावी. या दोहोंतले अंतरच पुष्कळ काही सांगून जाईल. फक्त सामुदायिक मांडणी ही सदस्यांच्या मतांचा गोषवारा म्हणून खपवू नये.

घटक हाती आल्यावर पुन्हा गटचर्चा घ्यावी, आणि या वेळी निरनिराळ्या दृष्टींची माणसे मुद्दाम एकत्र बसवावीत. संशोधकाने लावलेला अर्थ त्या माणसांना आपला वाटतो का, हे तेथेच तपासले जाते. कोण कोणत्या घटकात आहे हे मात्र उघड करू नये, नाहीतर चर्चा सुरू होण्याआधीच खुर्च्यांचे दोन तट पडतात. सर्व घटकांत सारखीच जागा मिळालेली विधाने अशा बैठकीत मोठ्या उत्साहाने 'सहमतीचे मुद्दे' म्हणून फळ्यावर लिहिली जातात. तेथे एक काळजी घ्यावी. सगळ्यांनी अधिक तीनच्या रकान्यात ठेवलेले विधान ही खरी सहमती आहे. सगळ्यांनी शून्याच्या रकान्यात ठेवलेले विधान बहुधा सर्वांची उदासीनता असते, आणि त्याच्या आधारावर तडजोड उभी करायला गेल्यास ती पहिल्याच बैठकीत कोसळते. विधान शून्यावर का ठेवले, हे विचारण्याची जागाही ही गटचर्चाच.

पुणे महापालिका २००६ पासून वार्षिक अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते. सुचवलेल्या कामांची यादी हा एखाद्या प्रभागासाठी क्यू अभ्यासाचा आयता कच्चा माल आहे, हे जाता जाता नमूद करतो; विद्यापीठातल्या एखाद्या विभागाने ते मनावर घ्यावे.

शेवटी आपल्या वृत्तसंपादकांना एक विनंती. क्यू अभ्यासाच्या अहवालात 'पहिल्या घटकाने ४० टक्के प्रचरण स्पष्ट केले' असे वाक्य असते. ते '४० टक्के पुणेकरांचे मत असे' या मथळ्याखाली छापले जाण्याचा धोका मोठा आहे. त्या टक्केवारीचा लोकसंख्येशी काहीही संबंध नसतो. ती केवळ हाती असलेल्या मांडण्यांतला किती फरक त्या एका दृष्टीने उलगडतो एवढेच सांगते, आणि तीस-चाळीस निवडक व्यक्तींवरून शहरातल्या लोकांची टक्केवारी काढता येत नाही, हे ही पद्धती स्वतःच मान्य करते. कोणती दृष्टी किती लोकांची आहे हे हवे असेल, तर त्यानंतर वेगळे सर्वेक्षण करावे लागते. त्याऐवजी बातमीत विधानांची पूर्ण यादी, प्रत्येक घटकातली त्यांची जागा, विधाने कोणकोणत्या गटांतून आली आणि मांडणी एकेकट्याने झाली की एकत्र, एवढे छापावे. जागा कमी पडत असेल तर टक्केवारी गाळावी, विधाने गाळू नयेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त संख्याशास्त्र-अध्यापक,
एरंडवणे, पुणे